डालग्यात उठते, खुराड्यात बसते

औसा तालुक्यातील एका निवृत्त शिक्षिकेने आपल्या ठमी नावाच्या कोंबडीविषयी विचारलेल्या प्रश्नाचा सारांश आधी देतो, म्हणजे पुढील उत्तराला संदर्भ राहील. ठमी गावरान आहे, तीन वर्षांची आहे आणि जुन्या वाड्याच्या मागच्या भिंतीला लागून बांधलेल्या खुराड्यात राहते. मृगाच्या पेरण्यांच्या दिवसांत तिने चार अंडी कवचाशिवाय घातली. त्यानंतर काही काळ सर्व ठीक होते. श्रावणाच्या अखेरीस ती एकाएकी आजारी पडली. अंग तापले, दाणा सोडला, पाणी फार पिऊ लागली, विष्ठा हिरवी आणि पातळ झाली. घरात डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या टोपलीखाली ठेवून, औषधाच्या दुकानातून आणलेली टेट्रासायक्लीनची पूड पाण्यातून दिल्यावर ती आठ दिवसांत उठली. खुराड्यात परत नेल्यावर बाराव्या दिवशी तिचे दोन्ही पाय लुळे पडले. पुन्हा डालगे, पुन्हा तेच औषध आणि पुन्हा आठ दिवसांत बरी. अश्विनात तिसऱ्यांदा तेच झाले; मात्र या वेळी पाय सुधारले तरी तुरा पांढुरकाच राहिला आणि १ किलो ६०० ग्रॅम वजनाची कोंबडी १ किलो २०० ग्रॅमवर आली. जंताचे औषध देऊन झाले, राणीखेत रोगावरची लासोटा लस देऊन झाली, नजरही उतरवून झाली. शेजारच्या दोन कोंबड्या श्रावणातच मेल्या. हा नेमका कोणता रोग आहे, त्यावर कोणते औषध द्यावे आणि तिची अंडी खावीत की नाहीत, असे त्यांनी विचारले आहे. ठमीला कापणार नाही, हेही त्यांनी बजावून लिहिले आहे.

ताई, आपण प्रत्येक गोष्टीची तारीख लिहून ठेवली आहे, त्यामुळे माझे निम्मे काम झाले. कोंबडी समोर नसताना केलेले निदान हा शेवटी अंदाजच असतो. परंतु आपल्या टिपणातील तारखा आणि जागा एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्यावर मला हा एकच रोग दिसत नाही. मृगातील अंडी हा एक प्रकार आहे, श्रावणातील ताप हा दुसरा आणि त्यानंतरचे पायांचे लुळेपण हा तिसरा. पहिल्याचा उरलेल्या दोघांशी काहीही संबंध नसावा. दुसरा आणि तिसरा मात्र एकाच ठिकाणाहून आले असावेत, आणि ते ठिकाण कोंबडीच्या शरीरात नसून आपल्या मागच्या भिंतीत आहे, असे मला वाटते. आजवर सर्वांनी या तिन्ही गोष्टींना मिळून एकच नाव शोधले आणि म्हणूनच कोणाचेही उत्तर पूर्ण जुळले नाही.

आधी मृगातील अंड्यांविषयी लिहितो, कारण तो भाग तुलनेने सोपा आहे. कोंबडीच्या शरीरात अंडे तयार व्हायला सुमारे २५ तास लागतात आणि त्यांतील २० तासांच्या आसपास वेळ केवळ कवच चढण्यात जातो. कवच जवळजवळ सगळे चुन्याचेच असते. एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असते. त्यामुळे लिबलिबीत अंडे दिसले की सगळे जण कॅल्शियम कमी पडले असे म्हणतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. परंतु ठमी वर्षभर अंगणातल्या जुन्या चुन्याच्या ढिगाऱ्यात टोचत असते, असे आपणच लिहिले आहे. तिला चुन्याची वाण नाही. शिवाय कमतरता असती तर कवच आधी पातळ झाले असते, मग खडबडीत झाले असते आणि नंतर कधीतरी नाहीसे झाले असते. येथे एकदम चार अंडी कवचाविना आली आणि पाचवे धडधाकट आले. असे घडते तेव्हा कोंबडीने काय खाल्ले, हे विचारावे लागते.

आपल्याकडे मृगात सोयाबीनची पेरणी होते आणि पेरण्यापूर्वी बियाण्याला बुरशीनाशक चोळतात. त्यांतील थायरम हे औषध अगदी नेहमीच्या वापरातले आहे. अंड्यावरील कोंबडीच्या पोटात थायरम अत्यल्प प्रमाणात गेले, तरी कवच चढण्याची क्रिया बिघडते आणि कवच नसलेली अंडी पडू लागतात. खाणे बंद झाले की काही दिवसांत अंडी पूर्ववत होतात. पेरणी झाल्यावर पोत्याच्या तळाशी उरलेले गुलाबी-तांबडे दाणे अंगणात झटकले गेले होते का, किंवा बीजप्रक्रिया ज्या ताडपत्रीवर केली ती मागच्या अंगणात झाडली होती का, हे घरातल्या शेतकरी माणसाला विचारून पाहावे. लातूर भागात हा प्रकार मी दर पावसाळ्यात पाहिला आहे आणि दर वेळी त्याचे खापर वळवाच्या पावसावर किंवा विजांच्या कडकडाटावर फोडले गेले आहे. गडगडाटाने कोंबडी दचकून एखादे अंडे वेळेआधी टाकते हे खरे आहे. परंतु चार दिवस सलग कोणी दचकत नाही.

आता श्रावणाकडे येतो. मोठ्या साथीचे रोग प्रथम बाजूला काढणे आवश्यक आहे, कारण त्यांत चूक परवडत नाही. राणीखेत, ज्याला आपण मानमोडी म्हणतो, तो लस न दिलेल्या कळपात शिरला तर तीन-चार दिवसांत खुराडी रिकामी करतो. वाचलेल्या कोंबडीची मान वाकडी राहते, पंख थरथरतात. एकच कोंबडी तीन वेळा आजारी पडून तीन वेळा बरी होते, असे मानमोडीत घडत नाही. बर्ड फ्लूची भीती आपण व्यक्त केली आहे आणि ती अनाठायी नाही. देशात तो कोंबड्यांमध्ये प्रथम २००६ मध्ये आपल्याच राज्यातील नवापूरला सापडला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे आणि जानेवारी २०२५ मध्ये उदगीरच्या कावळ्यांत त्याची खात्री झाली. परंतु त्या रोगातही मृत्यू झपाट्याने आणि समूहाने येतात. आपल्याकडे श्रावणात दोन कोंबड्या मेल्या आणि त्यानंतर तीन महिने गल्लीत एकही मेली नाही, म्हणून मी तो बाजूला ठेवतो. पुढे कधी दोन दिवसांत चार-पाच पक्षी मेले, तर मात्र मेलेल्या पक्ष्याला हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर लगेच कळवावे.

हिरव्या विष्ठेविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आपण त्या एका लक्षणावर फार भर दिला आहे. हिरवी विष्ठा हे कोणत्याही एका रोगाचे चिन्ह नाही. कोंबडी खायची थांबली की आतड्यात अन्न नसते, पित्त मात्र उतरत राहते आणि तेच हिरव्या रंगाने बाहेर पडते. दोन दिवस उपाशी ठेवलेली निरोगी कोंबडीही हिरवेच टाकेल. त्याचप्रमाणे, दिवसातून दोन-तीन वेळा पडणारी तपकिरी, चिकट, उग्र वासाची विष्ठा हीदेखील नेहमीचीच असते. ती मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या दोन बंद नळ्यांतून येते. तिच्यासाठी आपण दिलेले हगवणीचे औषध वाया गेले, एवढेच. रंगापेक्षा हिरव्या विष्ठेबरोबर ताप होता, तहान होती आणि दाणा सुटला होता, ही आपली नोंद मला अधिक उपयोगी पडली. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी आपण लिहिता की ती बसल्या जागी वाटीतले दाणे टिपत होती, पाणी नेहमीइतकेच पीत होती आणि अंग तापलेले वाटत नव्हते. फक्त पाय उचलत नव्हती. आजारी कोंबडी प्रथम दाणा सोडते. जी पोटभर खाते आणि तरीही उभी राहू शकत नाही, तिचा बिघाड पोटात किंवा रक्तातल्या जंतूंत शोधून उपयोग नाही.

आणि मग ते वाक्य, जे आपण सहज जाता जाता लिहिले आहे: "मागची भिंत पांढऱ्या मातीची असून तिला भूकंपात गेलेले तडे अजून तसेच आहेत." ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे गेलेल्या त्या तड्यांत आज काय राहते, हे रात्री पाहावे लागेल.

माझा अंदाज चपट्या गोचिडीचा आहे. ही गाईम्हशींच्या कासेला लोंबकळणारी गोचीड नव्हे. ती वेगळ्या कुळातली असते. पाठ कठीण नसून चामड्यासारखी सुरकुतलेली असते, आकार साधारण तुरीच्या डाळीएवढा किंवा थोडा मोठा, रंग तांबूस तपकिरी, आणि रक्त प्यायली की शिसवी निळसर. शास्त्रात तिला आर्गस पर्सिकस म्हणतात. कोरड्या आणि उष्ण प्रदेशात ती फार चांगली जगते. मराठवाड्यातील माळवदाची घरे, दगडमातीच्या भिंती, तुळयांच्या खाचा आणि बाभळीची साल या तिच्या आवडीच्या जागा होत. दिवसभर ती फटीत दडते. अंधार पडल्यावर बाहेर येते, झोपलेल्या कोंबडीला चिकटून अर्ध्यापाऊण तासात पोट भरते आणि उजाडण्यापूर्वी परत फटीत जाते. म्हणूनच दिवसा कोंबडी हातात घेऊन कितीही पिसे चाळली, तरी मोठी गोचीड सापडत नाही, आणि अंगावर काही नाही असा निर्वाळा डॉक्टरसुद्धा देऊन जातात.

असा निर्वाळा मी स्वतः दिलेला आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत बालाघाटच्या रांगेतल्या एका गावी एका घरच्या कोंबड्यांना मी दोन महिने प्रतिजैविके देत होतो. कोंबड्या बऱ्या होत, पुन्हा पडत आणि मी औषध बदलत राहत असे. अखेर त्या घरच्या आजी मला म्हणाल्या, "डाक्तर, तुमी समदे दिवसा येता. एकदा दिवेलागणीनंतर येऊन बघा की." रात्री नऊ वाजता बॅटरी घेऊन गेलो, तेव्हा भिंत हलते आहे असे वाटले. त्या आजींनी ते पूर्वीच पाहिले होते. मी विचारले नाही म्हणून त्यांनी सांगितले नव्हते.

आपणही तेच करावे. अंधार पडल्यावर दोन तास जाऊ द्यावेत, मग आवाज न करता जावे आणि बॅटरीचा झोत आधी कोंबडीवर न टाकता ती जिथे बसते त्या दांडीच्या खालच्या बाजूवर, दांडी भिंतीत शिरते त्या भोकावर आणि जवळच्या तड्यांवर टाकावा. काही दिसले नाही तर तेवढ्यावर थांबू नये. पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्याचा एक तुकडा गुंडाळून दांडीच्या टोकाशी तीन रात्री बांधून ठेवावा आणि सकाळी साबणाच्या पाण्यावर उलगडावा. पन्हळींत शिरून बसलेल्या गोचिडी त्यात पडतील. दांडीवर पांढरे फडके गुंडाळले तर सकाळी त्यावर रक्ताचे ठिपके दिसतात. त्याशिवाय दिवसाउजेडी ठमीच्या पंखांखालची, मांड्यांच्या आतली आणि मानेच्या मुळाजवळची कातडी पाहावी. तेथे दोन गोष्टी शोधायच्या आहेत. एक म्हणजे जांभळट ठिपके, म्हणजे मोठ्या गोचिडींनी चावल्याच्या खुणा. दुसरी म्हणजे कातडीला घट्ट चिकटलेले, कारळ्याच्या दाण्यासारखे काळपट कण. ते कण म्हणजे गोचिडीची पिले होत आणि आपल्या कोड्याची किल्ली बहुधा त्यांच्याकडेच आहे.

मोठी गोचीड रात्रीतून येऊन जाते. पिलू मात्र एकदा चिकटले की पाच ते दहा दिवस कोंबडीच्या अंगावरच राहते आणि पोट भरले की आपोआप गळून पडते. अशी पुष्कळ पिले एकदम चिकटली, तर त्यांच्या लाळेतील विषाने कोंबडीचे पाय लुळे पडतात. शुद्ध हरपत नाही, भूक जात नाही, ताप येत नाही. फक्त स्नायू साथ देत नाहीत. पिले गळाली की लुळेपण उतरते. आता आपल्या तारखा पाहा. खुराड्यात नेल्यावर बाराव्या दिवशी पाय गेले आणि डालग्याखाली आणल्यावर आठ दिवसांत परत आले. हे आठ दिवस टेट्रासायक्लीनचे नाहीत, पिले गळण्याचे आहेत. औषध दिले नसते तरी ठमी आठ दिवसांतच उठली असती. तिचे उठणे आणि आपले औषध देणे एका वेळी घडले, म्हणून श्रेय औषधाला गेले. पूड आणि शिंपल्यांचा चुरा आपण एकत्र देत होता, असेही दिसते. कॅल्शियममुळे हे औषध आतड्यात नीट शोषले जात नाही, त्यामुळे ते फारसे अंगी लागलेही नसेल.

श्रावणातला पहिला आजार मात्र वेगळा होता आणि तेथे औषधाने खरोखर काम केले असणे शक्य आहे. हीच गोचीड बोरेलिया अन्सेरिना नावाचा मळसूत्रासारखा वळलेला जंतू एका कोंबडीतून दुसरीत नेते. चाव्यानंतर काही दिवसांत ताप, तीव्र तहान, मलूलपणा, हिरवी पातळ विष्ठा आणि नंतर पंडुरोग, म्हणजे अंगातले रक्त कमी होणे, अशी त्याची लक्षणे असतात. पेनिसिलीन आणि टेट्रासायक्लीन या दोन्ही गटांतील औषधे त्यावर चालतात. औषध न मिळालेल्या कोंबड्या पुष्कळदा मरतात. शेजारच्या दोन कोंबड्या त्याच आठवड्यात मेल्या आणि आपले व शेजारचे खुराडे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आहे, हे त्याच्याशी जुळते. या रोगातून वाचलेल्या कोंबडीला त्या जातीच्या जंतूविरुद्ध चांगली प्रतिकारशक्ती येते. म्हणूनच पुढचे दोन आजार त्याच रोगाची पुनरावृत्ती होती, असे मी मानत नाही. आपण विचारता, की रोग पुन्हा पुन्हा का उलटतो? माझ्या मते तो एकदाच झाला आणि बराही झाला. त्यानंतर जे झाले ते गोचिडीचे काम होते, जंतूचे नव्हे.

राहिला प्रश्न तिसऱ्या वेळचा, जेव्हा पाय आले पण तुरा लाल झाला नाही. येथे मला आपल्या डालग्याचा संशय येतो. दोन वेळा ठमी त्याच डालग्याखाली आठ-आठ दिवस राहिली आणि तिच्या अंगावरची पिले गळून पडली ती कुठे गेली असतील? बांबूच्या विणीत. तेथे त्यांनी कात टाकली आणि महिन्याभराने ठमी पुन्हा आली, तेव्हा ती आठ पायांची होऊन रात्री रक्त प्यायला तयार होती. या वयातील गोचिडींमुळे सहसा पाय लुळे पडत नाहीत. त्या केवळ रक्त पितात. म्हणून पाय सुधारले आणि पंडुरोग मात्र वाढत गेला. सव्वा किलोच्या कोंबडीच्या अंगात सगळे मिळून १०० मिलीलीटरच्या आत रक्त असते, त्यामुळे रोजची थोडी गळतीही तिला झेपत नाही. ते डालगे जाळून टाकावे. जुने आहे, सासूबाईंच्या हातचे आहे, असे आपण लिहिले आहे, म्हणून हे सांगताना मला संकोच वाटतो. जाळणे अगदीच जिवावर आले तर उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून काढावे आणि कोंबडीसाठी पुन्हा वापरू नये.

ठमीच्या अंगावर पिले सापडली तर थोडी असल्यास बारीक चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढून साबणाच्या पाण्यात टाकावीत. पुष्कळ असल्यास पशुवैद्यकाकडून कोंबडीसाठी योग्य प्रमाणात औषध लावून घ्यावे. गोठ्यात फवारायचे औषध त्याच मात्रेत कोंबडीवर ओतू नये. रॉकेल तर मुळीच लावू नये, कारण त्याने कातडी भाजते आणि वाफेने फुप्फुसे खराब होतात. राखेत लोळू देणे उवांसाठी चांगले आहे, चिकटलेल्या गोचिडीवर त्याचा परिणाम होत नाही. जंताचे औषध आणि लासोटा दिल्याने नुकसान झाले नाही, परंतु त्यांचा या आजाराशी संबंध नव्हता. लासोटा खरे तर पिलांना पहिल्या आठवड्यात देतात आणि साधारण आठव्या आठवड्यात त्याच रोगाची आर-टू-बी ही लस देतात. आपल्या इतर पिलांसाठी हे लक्षात ठेवावे.

खरे काम भिंतीचे आहे आणि ते जिकिरीचे आहे. खुराडे महिना-दोन महिने रिकामे ठेवले की गोचीड उपासमारीने मरेल, असे पुष्कळांना वाटते. ही गोचीड रक्ताशिवाय दोन वर्षेही तग धरू शकते. म्हणून तडे आधी खरवडून मोकळे करावेत, पशुवैद्यकाने सांगितलेले गोचीडनाशक वेष्टनावरील प्रमाणात त्यांत खोलवर फवारावे आणि भिंत वाळल्यावर तडे सिमेंटने किंवा चुन्यात मळलेल्या मातीने गच्च बुजवून वरून दाट चुना फिरवावा. गोचिडीच्या अंड्यांवर औषधाचा परिणाम होत नाही; त्यांतून पिले बाहेर पडायला दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा दुसरी फवारणी त्या बेताने करावी. घरात मांजर असल्यास फवारणीच्या दिवशी तिला दूर ठेवावे, कारण यांतील काही औषधे मांजरांना सोसत नाहीत. जुनी लाकडी दांडी चुलीत घालावी. शेजाऱ्यांनीही त्याच आठवड्यात त्यांच्या बाजूचे काम केले पाहिजे, नाहीतर गोचीड एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने येईल. गल्लीतल्या माणसांना यासाठी एकत्र आणणे हे फवारणीपेक्षा अवघड असते, याची मला कल्पना आहे.

भिंत दुरुस्त होईपर्यंत, आणि माझ्या मते त्यानंतरही, ठमीचे खुराडे भिंतीपासून दोन हात लांब असावे. गोचीड उडत नाही, तिला चालतच यावे लागते. दुधाच्या फडताळाला मुंग्या लागू नयेत म्हणून त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे; तीच येथे वापरावी. लोखंडी पट्ट्यांचा चार पायांचा पिंजरा करून घ्यावा आणि पायांखाली जळक्या तेलाच्या वाट्या ठेवाव्यात. लोखंडाला फटी कमी असतात आणि कधी शंका आलीच तर ठमीला बाहेर काढून सांधे ब्लो लॅम्पने भाजून घेता येतात. लिंबाच्या झाडावर झोपायची सवय तिला लावू नये; सालीखाली हीच गोचीड असू शकते.

पंडुरोग भरून यायला वेळ लागेल. कोंबडीच्या रक्तातील तांबड्या पेशी महिन्याभरात नव्या होतात, म्हणून रक्त पिणे थांबल्यावर तुरा लाल दिसायला तीन-चार आठवडे द्यावेत आणि दर रविवारी सकाळी, दाणा टाकण्यापूर्वी, तिचे वजन करून लिहावे. नुसत्या ज्वारीवर हे होणार नाही. ज्वारी-बाजरीबरोबर भाजून भरडलेले सोयाबीन, थोडी सुकट आणि शेवग्याचा पाला द्यावा. सोयाबीन कच्चे देऊ नये, ते कोंबडीला पचत नाही. पावसाळ्यात ओल लागलेला मका किंवा बुरशीचा वास येणारी शेंगदाण्याची पेंड तर अजिबात देऊ नये. त्या बुरशीचे विष यकृत खाते. वजन करताना पोटावरूनही हात फिरवावा. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखे लागले आणि ती ताठ उभी राहून चालू लागली, तर अंडे पोटात फुटल्याचा विकार असू शकतो आणि मग हे सारे उत्तर बाजूला ठेवून तिला तपासून घ्यावे लागेल. आपल्या वर्णनात तसे काही दिसत नाही.

ती अंडी का देत नाही, याची काळजी तूर्त नको. गावरान कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते आणि मध्ये खुडूक बसते. अश्विनानंतर पिसे झडायची असतात, दिवसही लहान होत जातो. आपल्याकडे जूनमधला सुमारे १३ तासांचा दिवस डिसेंबरात ११ तासांवर येतो. रक्त कमी असलेली कोंबडी या दिवसांत अंडी देत नाही आणि देऊही नये. पुढे सुरू झाली, तर औषध चालू असताना आणि पशुवैद्यक सांगतील तितके दिवस नंतरची अंडी खाऊ नयेत, इतर प्राण्यांनाही घालू नयेत. मृगातली ती चार लिबलिबीत अंडी आपण पुरून टाकलीत, हे योग्यच केले.

रात्रीच्या तपासणीत तिन्ही दिवस काहीच सापडले नाही, तर माझा अंदाज चुकला असे समजावे आणि ठमीला उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावे. परभणीलाही असे महाविद्यालय आहे, परंतु आपल्याला उदगीर जवळ पडेल. तेथे रक्ताचा एक थेंब काचेवर घेऊन तपासता येतो. ताप असताना घेतलेल्या थेंबातच ते वळलेले जंतू दिसतात, म्हणून पुन्हा अंग तापले तर औषधाचा पहिला डोस देण्यापूर्वी जावे. सकाळची ताजी विष्ठा डबीत बरोबर घ्यावी. तिला नेताना डालगे घेऊ नये. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून त्यातून न्यावे आणि परतताना ते खोके घरी आणू नये.